वायफाय कार्ड बसवणं आणि बदलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्युटर आणि लॅपटॉपच्या वायफायबद्दल जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. साधे आधी, अडनिडे नंतर. खरेदीला निघण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: मशीनमध्ये स्लॉट कुठला आहे, घरातला राउटर कुठला आहे आणि विंडोज कुठली आहे. चुकीचं कार्ड घरी येतं ते बहुधा यातलं एखादं बघायचं राहून गेल्यामुळे. खोक्यावरचा मोठा आकडा सगळ्यात शेवटी बघा.

१. माझ्या कॉम्प्युटरमध्ये वायफाय कार्ड आहे का, आणि असलं तर कुठलं, हे कसं कळेल?

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि त्यात 'नेटवर्क अडॅप्टर्स' बघा. नावात 'वायरलेस', 'वायफाय' किंवा '८०२.११' असेल तर कार्ड आहे. 'इथरनेट' किंवा 'गिगाबिट' लिहिलेली ओळ केबलच्या पोर्टची असते. ८०२.११ च्या पुढच्या अक्षरांवरून पिढी कळते: एन म्हणजे वायफाय ४, एसी म्हणजे ५, एएक्स म्हणजे ६ किंवा ६ई, बीई म्हणजे ७. नुसतं 'बीजीएन' असेल तर कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झ लहरींच्या पट्ट्यावर चालतं, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा त्याला दिसतच नाही. वायफायची ओळ नाही, पण पिवळ्या खुणेसकट 'नेटवर्क कंट्रोलर' दिसतंय, असं असेल तर कार्ड आहे, ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) नाही. त्यासाठी प्रश्न १३ बघा.

२. नेट फार स्लो आहे. कार्ड बदललं की वेग वाढेल का?

अडलंय कुठे ते आधी बघा. लॅपटॉप जिथे ठेवता तिथेच बऱ्यापैकी नवा फोन घेऊन बसा, तो त्याच वायफायला जोडा आणि दोन्हींवर स्पीड टेस्ट करा. फोनवर ९० एमबीपीएस आणि लॅपटॉपवर ३५ आले तर दोष लॅपटॉपकडे आहे आणि कार्ड बदलण्यात अर्थ आहे. दोन्हींवर ३५ च आले तर कार्डाला हात लावू नका. मग लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून बघा. केबलवर पूर्ण वेग आला तर राउटरचं वायफाय किंवा त्याची जागा गडबडीची आहे. केबलवरही नाही आला तर तक्रार नेट देणाऱ्याकडे करायची.

सगळ्यात जास्त फायदा होतो तो जुन्या स्वस्त लॅपटॉपना. त्यांच्यात बऱ्याचदा एका अँटेनाचं, फक्त २.४ गिगाहर्ट्झचं 'एन' कार्ड असतं. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर, म्हणजे पट्ट्याच्या एका तुकड्यावर, त्याचा कागदोपत्री वेग ७२ एमबीपीएस. हातात येतो तो चाळीस-पन्नास, तोही आजूबाजूला गर्दी नसेल तर. मुंबई-ठाण्याच्या इमारतीत जिकडेतिकडे राउटर, आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. तिथे हा आकडा आणखी घसरतो. अशा मशीनमध्ये दोन अँटेनांचं, दोन्ही पट्ट्यांवर चालणारं कार्ड घातलं की जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

उलट, लॅपटॉपमध्ये आधीच दोन अँटेनांचं 'एसी' कार्ड असेल आणि प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल, तर नव्या कार्डाचे पैसे वाया गेले म्हणून समजा. राउटरचे पोर्टही तपासा. खोक्यावर 'एसी१२००' लिहिलेल्या कितीतरी स्वस्त राउटरांचे केबलचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. ३०० चा प्लॅन घेतला तरी अशा राउटरमधून नव्वद-पंचाण्णवच्या वर काही येत नाही, लॅपटॉपमध्ये कुठलंही कार्ड घाला.

३. राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर आतल्या खोलीत. चांगलं कार्ड घेतलं तर रेंज वाढेल का?

थोडी वाढेल, चमत्कार होणार नाही. जांभ्या दगडाची किंवा जुन्या वाड्याची हात-हात जाड भिंत आणि लोखंडी सळ्यांचा स्लॅब ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना फारसं पुढे जाऊ देत नाहीत. ६ गिगाहर्ट्झच्या लहरी तर आणखी लवकर दमतात. भिंतीआड २.४ गिगाहर्ट्झच जास्त पोचतं, वेग कमी असला तरी. त्यातून संवाद दोन्ही बाजूंनी व्हावा लागतो. तुमच्या कार्डाला राउटर ऐकू आला म्हणजे राउटरलाही तुमचं कार्ड ऐकू येईल, असं नाही. राउटर कपाटामागून काढून उंचावर आणा, जमलं तर एक केबल आत ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलवरून वायफाय देणारी पेटी) लावा. डेस्कटॉपच्या बाबतीत मात्र अँटेना कुठे आहे याने बराच फरक पडतो. ते पुढच्या उत्तरात.

४. डेस्कटॉपला वायफाय नाही. यूएसबी डोंगल घेऊ की आत बसवायचं कार्ड?

भाड्याचं घर, कॅबिनेट उघडायची भीती, कामापुरतं नेट: डोंगल घ्या. मशीन एकाच जागी राहणार, मोठ्या फायली जातात-येतात, गेम खेळले जातात: पीसीआय-एक्सप्रेसचं, म्हणजे मदरबोर्डावरच्या स्लॉटमध्ये बसणारं, कार्ड घ्या. ते एक्स१ या छोट्या स्लॉटमध्ये बसतं. तो रिकामा नसेल तर ग्राफिक्स कार्डाच्या लांब एक्स१६ स्लॉटमध्येही चालतं.

नखाएवढी डोंगलं लॅपटॉपच्या प्रवासात ठीक. डेस्कटॉपला ती लावू नका, त्यांच्यात अँटेनाला जागाच नसते आणि सलग वापरात ती चांगलीच तापतात. डोंगलच घ्यायचं तर बाहेर उभी अँटेना असलेलं, यूएसबी ३ चं घ्या. यूएसबी २ ची कमाल मर्यादाच ४८० एमबीपीएस आहे, त्यामुळे त्यावर '१३००' छापलेलं असलं तरी ते छापण्यापुरतंच.

आत बसवायच्या कार्डाची एक अडचण कोणी सांगत नाही. त्याच्या अँटेना कॅबिनेटच्या मागे, पत्र्याला चिकटून, टेबलाखाली, भिंतीकडे तोंड करून असतात. यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही. वायरीच्या टोकाला चुंबकाच्या बैठकीवर अँटेना असलेलं कार्ड मिळतं, चार पैसे जास्त देऊन तेच घ्या आणि अँटेना टेबलावर आणून ठेवा.

५. डोंगल लावल्यापासून वायरलेस माऊस अडखळतो, किंवा पेन ड्राइव्ह लावला की वायफाय तुटतं. असं का?

यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास विद्युतगोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. माऊसचा रिसीव्हर, २.४ गिगाहर्ट्झवरचं डोंगल आणि यूएसबी ३ चा डिस्क ड्राइव्ह शेजारी शेजारी लावले की त्रास ठरलेला. डोंगल हातभर यूएसबी एक्स्टेंशन वायरीवर घ्या, माऊसचा रिसीव्हर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला लावा, आणि डोंगल ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडा. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं.

६. माझ्या लॅपटॉपचं कार्ड बदलता येतं का?

तीन शक्यता आहेत. साधारण २०१३-१४ पर्यंतच्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय-एक्सप्रेस कार्ड असतं: तीन सेंटिमीटर रुंद, खाली दोन स्क्रू. त्यानंतरच्यांत एम.२ प्रकारचं २२३० आकाराचं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब, एका स्क्रूचं कार्ड असतं. ही दोन्ही बदलता येतात, पण एकाचं कार्ड दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. तिसरी शक्यता म्हणजे चिप बोर्डावरच सोल्डर केलेली. बारीक, हलक्या लॅपटॉपमध्ये हे आता सर्रास दिसतं. तिथे डोंगलशिवाय इलाज नाही. ॲपलच्या नव्या मॅकबुकचंही तेच.

उघडण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका शोधा. तिच्यात कार्ड काढायचं पान असेल तर ते बदलता येतं.

७. इंटेलचं एएक्स२००, २०१, २१० आणि २११ यांत फरक काय? दिसायला तर सारखीच आहेत.

सगळ्यात जास्त चुकीची खरेदी इथेच होते. शेवटी शून्य असलेली दोन, म्हणजे एएक्स२०० आणि एएक्स२१०, पूर्ण कार्डं आहेत. वायफायसाठी ती पीसीआय-एक्सप्रेसवर बोलतात आणि कुठल्याही कंपनीच्या बोर्डावर चालू शकतात. शेवटी एक असलेली, एएक्स२०१ आणि एएक्स२११, अर्धीच असतात. इंटेलच्या सीएनव्हीआय या पद्धतीत वायफायचा मोठा भाग प्रोसेसरच्या किंवा चिपसेटच्या पोटात असतो आणि कार्डावर फक्त रेडिओचा भाग उरतो. म्हणून ही कार्डं फक्त त्या पद्धतीच्या इंटेल मशीनमध्येच जिवंत होतात. जुन्या इंटेलमध्ये किंवा एएमडीत घातली तर मशीनला तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही.

एएक्स२०० आणि २०१ वायफाय ६ ची, २१० आणि २११ वायफाय ६ई ची. किमतीत फार फरक नसेल तर २१० घ्यावं असं आमचं मत.

यालाही अपवाद आहे. काही इंटेल लॅपटॉपमध्ये स्लॉटला फक्त सीएनव्हीआयच्याच जोडण्या दिलेल्या असतात, पीसीआय-एक्सप्रेसची वाट काढलेलीच नसते. तिथे एएक्स२१० नीट बसतं, पण दिसत नाही. मूळ कार्ड २०१ किंवा ९५६० असेल तर हा धोका धरून चाला आणि विक्रेत्याकडून परतीची हमी घ्या.

८. माझा लॅपटॉप एएमडी रायझनचा आहे. मग कुठलं घेऊ?

एएक्स२०० किंवा एएक्स२१० चालतं. एएमडी स्वतः आरझेड६१६ या नावाने जे कार्ड देतं ते मीडियाटेकचं एमटी७९२२ आहे, तेही चांगलं आहे. प्रश्न वायफाय ७ चा आला की सावध राहा. इंटेलचं बीई२०० बाहेरून एएक्स२१० सारखंच दिसतं, पण इंटेलने ते आपल्याच प्लॅटफॉर्मसाठी दिलं आहे आणि एएमडीच्या बहुतेक बोर्डांवर ते चालत नाही. एएमडीवर वायफाय ७ हवंच असेल तर मीडियाटेक एमटी७९२५ किंवा क्वालकॉमचं कार्ड बघा.

९. भविष्याचा विचार करून वायफाय ६ई किंवा ७ घेऊन ठेवू का?

६ई चं कार्ड घेऊन ठेवायला हरकत नाही, ते वायफाय ६ पेक्षा फारसं महाग पडत नाही. ७ साठी जास्त पैसे मोजू नयेत, असं आम्ही बहुतेकांना सांगतो. कारण सांगतो.

६ई चा सगळा दिमाख ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे. भारतात ५ गिगाहर्ट्झमधला बराच मोठा भाग, एकूण ६०५ मेगाहर्ट्झ, २०१८ साली परवानामुक्त झाला. ६ गिगाहर्ट्झमधला खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, कमी शक्तीच्या वापरापुरता खुला करण्याचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला. नियम झाले तरी राउटर, कार्डाचा ड्रायव्हर आणि विंडोज या तिघांनी भारतासाठी तो पट्टा उघडावा लागतो. विंडोज १० वर तर ६ गिगाहर्ट्झला अधिकृत आधारच नाही.

वायफाय ७ चं मोठं आकर्षण म्हणजे ३२० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेल. ते फक्त ६ गिगाहर्ट्झवरच मिळतं, आणि भारतातल्या ५०० मेगाहर्ट्झच्या तुकड्यात असं एकच चॅनेल मावतं. शेजाऱ्याने तसाच राउटर आणला की ते वाटून घ्यायचं. शिवाय विंडोज ११ ची २४एच२ किंवा पुढची आवृत्ती लागते, आणि वायफाय ७ चा राउटर वेगळा. घरी राउटर वायफाय ५ चा असताना ७ चं कार्ड घातलं तर ते निमूटपणे ५ च्या चालीने चालतं.

१०. बोर्डावर एसएसडीचा एम.२ स्लॉट रिकामा आहे. त्यात वायफाय कार्ड बसेल का?

नाही. खाच वेगळ्या जागी असते. एसएसडीचा स्लॉट 'एम' खाचेचा, वायफायचा 'ई' खाचेचा. जोर लावू नका. मधे घालायची अडॅप्टर पट्टी मिळते आणि तिच्यावर वायफाय चालतंही, पण एसएसडीच्या स्लॉटमध्ये यूएसबीच्या तारा नसल्याने ब्लूटूथ मिळत नाही (का, ते प्रश्न १४ मध्ये). प्रश्न ७ मधली 'अर्धी' कार्डं अशा पट्टीवर अजिबात चालत नाहीत.

११. घरी स्वतः बसवायचं तर काय काळजी घ्यायची?

नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा, नंतरची धावाधाव वाचते. मग शिफ्ट दाबून ठेवून 'शट डाउन' करा, म्हणजे विंडोज खरोखर पूर्ण बंद होते. नेहमीच्या शट डाउनमध्ये ती अर्धवट झोपलेली असते. चार्जर काढा, मागचं झाकण उघडा आणि बॅटरीचा कनेक्टर सगळ्यात आधी सोडवा. हे न करता कार्ड ओढणारे बोर्ड घालवून बसतात. पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या आणि एखाद्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा.

आता खरं नाजूक काम: अँटेनाच्या वायरी. त्यांची टोकं शर्टाच्या टिचबटणासारखी बसतात, पण मसुराच्या दाण्यापेक्षा लहान असतात. वायर धरून ओढू नका. नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने टोकाखालून सरळ वर उचला. बसवताना टोक बरोबर मधोमध आलंय हे आडव्या उजेडात बघा आणि मगच बोटाने सरळ खाली दाबा. बारीक 'टक्' जाणवला पाहिजे. तिरकं दाबलं की आतली पिन वाकते, आणि ती सरळ करणं जवळजवळ अशक्य. हे कनेक्टर वारंवार काढ-घाल करण्यासाठी बनवलेलेच नाहीत, साधारण तीसेक वेळांचा हिशोब धरलेला असतो.

मिनी पीसीआय-एक्सप्रेसच्या जुन्या कार्डांची टोकं एम.२ कार्डांपेक्षा मोठी असतात. त्यामुळे जुन्या वायरी नव्या आकाराच्या कार्डाला लागत नाहीत.

कार्ड स्लॉटमध्ये तिरकं घालायचं, मग खाली दाबून स्क्रू लावायचा. स्क्रू हाताला लागेल इतकाच घट्ट करा.

१२. काळी वायर कुठे आणि पांढरी कुठे? आणि माझ्याकडे एकच वायर निघाली तर?

कार्डावर १ आणि २ किंवा 'मेन' आणि 'ऑक्स' असं बारीक लिहिलेलं असतं. पांढरी मेनला, काळी ऑक्सला, असा सर्वसाधारण रिवाज आहे. काही कंपन्या उलट करतात, म्हणून जुनं कार्ड काढण्याआधी फोनवर फोटो घ्या. अदलाबदल झाली तरी काही जळत नाही. दोन्ही अँटेना वायफायच्याच असतात आणि बहुतेकदा फरकही जाणवत नाही.

एकच वायर निघाली तर मूळ कार्ड एका अँटेनाचं होतं आणि कंपनीने दुसरी वायर टाकलीच नाही. दोन अँटेनांचं कार्ड त्या एका वायरीवर चालेल, ती मेनला लावा, पण वेग निम्म्याच्या आसपास राहील. चिकटवायची पातळ अँटेना वेगळी विकत मिळते. ती धातूच्या झाकणाखाली न चिकटवता प्लास्टिकच्या भागाखाली चिकटवा. तीन वायरी असतील आणि नव्या कार्डाला दोनच लागत असतील, तर तिसरीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून बाजूला ठेवा. उघडी राहिली तर बोर्डावर कुठेतरी टेकते.

१३. कार्ड बसवलं, पण ड्रायव्हरसाठी नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा. काय करू?

अँड्रॉइड फोन घरच्या वायफायला जोडा, यूएसबी वायरीने कॉम्प्युटरला लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. बहुतेक फोन आपलं वायफायच वायरीतून पुढे देतात, मोबाइल डेटा खर्च होत नाही. विंडोजला हे केबलचं नेट वाटतं आणि बऱ्याच कार्डांचा ड्रायव्हर ती स्वतःच शोधून घालते. डेस्कटॉपला काही दिवसांपुरतंच वायफाय हवं असेल तर हाच फुकटचा तोडगा पुरतो, काही विकत घ्यायची गरज नाही.

काही डोंगलं लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात. ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो, तो उघडून चालवा.

१४. वायफाय झकास चालतं, पण ब्लूटूथ दिसतच नाही.

वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असले तरी त्यांचे रस्ते वेगळे: वायफाय पीसीआय-एक्सप्रेसवरून, ब्लूटूथ यूएसबीवरून. डेस्कटॉपच्या कार्डासोबत एक छोटी वायर येते आणि बहुतेकांच्या खोक्यातच राहते. ती बोर्डावरच्या नऊ पिनांच्या यूएसबी २ हेडरला लावायची असते. बोर्डावर असा हेडर एकच असेल आणि तो पुढच्या यूएसबी पोर्टांनी अडवलेला असेल तर दोन फाटे फोडणारी वायर मिळते.

लॅपटॉपमधून ब्लूटूथ अचानक गायब झालं तर आधी पूर्ण शट डाउन करा, चार्जर काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा आणि मग चालू करा. अडकलेलं ब्लूटूथ यानेच बऱ्याचदा परत येतं. त्याचा ड्रायव्हर वायफायपेक्षा वेगळा असतो, हेही विसरू नका.

१५. नवं कार्ड घातलं आणि लॅपटॉप चालूच होईना. काळ्या पडद्यावर 'अनधिकृत नेटवर्क कार्ड' असं काहीतरी येतं.

काही कंपन्या पूर्वी बायोसमध्येच (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये) मंजूर कार्डांची यादी ठेवत. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन तिथेच थांबायचं. जुन्या थिंकपॅडवर १८०२ क्रमांकाचा, एचपीच्या जुन्या लॅपटॉपवर १०४ क्रमांकाचा संदेश येतो. कार्ड खराब नाही आणि लॅपटॉपही नाही. मूळ कार्ड परत घाला, मशीन सुरू होईल. त्या मॉडेलच्या दुरुस्ती-पुस्तिकेत मंजूर कार्डांचे भाग-क्रमांक असतात, त्यातलंच वापरलेलं कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात शोधा. बदललेलं बायोस घालून यादी उडवण्याचे प्रकार इंटरनेटवर सापडतील. जुन्या मशीनसाठी तो धोका पत्करू नये, डोंगल लावून मोकळं व्हावं.

१६. कार्ड दिसतं, ड्रायव्हर आहे, पण 'वायरलेस बंद आहे' एवढंच येतं आणि चालूच होत नाही.

आधी लॅपटॉपच्या कडेचा सरकता स्विच आणि कीबोर्डवरचं अँटेनाच्या चित्राचं बटण बघा, मग बायोसमध्ये वायरलेस चालू आहे का ते बघा. सगळं ठीक असूनही मिनी पीसीआय-एक्सप्रेस कार्ड बंदच राहत असेल, तर त्याच्या २० क्रमांकाच्या पिनेवरून लॅपटॉप त्याला 'बंद हो' सांगत असतो. त्या एकाच पिनेवर उष्णतेला टिकणाऱ्या पिवळ्या कॅप्टॉन टेपची चिंचोळी पट्टी चिकटवतात. हात स्थिर नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या.

१७. शेजाऱ्यांची सगळी नेटवर्कं दिसतात, फक्त आमचंच दिसत नाही!

कार्ड बदलण्याआधी राउटरच्या सेटिंगमध्ये डोकवा. २.४ गिगाहर्ट्झवर राउटर १२ किंवा १३ चॅनेलवर गेला असेल तर अमेरिकी बाजारासाठीच्या कार्डांना तो दिसत नाही. १, ६ किंवा ११ ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ ही चॅनेलं रडारसोबत वाटून घ्यावी लागतात. काही स्वस्त डोंगलं त्यांच्याकडे बघतच नाहीत. राउटर ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढे आणा.

राउटर नवा, वायफाय ६ चा असेल तर आणखी एक शक्यता. इंटेलच्या ७२६५, ८२६० अशा कार्डांच्या जुन्या ड्रायव्हरांना वायफाय ६ च्या राउटरची घोषणा समजत नाही आणि ते नेटवर्कच यादीतून वगळतात. ड्रायव्हर अद्ययावत केला की दिसायला लागतं. नेटवर्क दिसतं, पण पासवर्ड बरोबर असून जोडलं जात नाही, असं असेल तर राउटर बहुधा 'फक्त डब्ल्यूपीए३' या नव्या सुरक्षा-पद्धतीवर असतो. 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र' करा.

१८. खोक्यावर ३००० एमबीपीएस लिहिलंय. मला सहाशेच मिळतात. फसवणूक झाली का?

कायद्याच्या भाषेत नाही. 'एएक्स३०००' हा बेरजेचा आकडा आहे: २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२. कार्ड एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर असतं. २४०२ सुद्धा १६० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेलवरच. घरचे बरेच राउटर ८० वर असतात, म्हणजे १२०१. त्यातले हाती लागतात निम्मे ते दोन तृतीयांश, कारण हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं आणि प्रत्येक तुकड्याची पोच द्यायची असते. म्हणजे सहाशे हे अगदी योग्य उत्तर आहे. राउटरच्या पोर्टांची मर्यादा प्रश्न २ मध्ये सांगितली आहे.

१९. दुकानात विंडोज ७ चं मशीन आहे, त्यावरचं सॉफ्टवेअर बदलता येत नाही. त्याला काय चालेल?

इंटेलचं ७२६० किंवा ८२६५ घ्या. ही 'एसी' कार्डं आहेत आणि त्यांना विंडोज ७ चे अधिकृत ड्रायव्हर आहेत. एएक्स२०० आणि पुढच्यांना नाहीत. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका.

२०. लिनक्सवर कुठलं कार्ड कमी त्रास देतं?

इंटेल. ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतो: एएक्स२०० साठी कर्नल ५.१, एएक्स२१० साठी ५.१० किंवा पुढचं लागतं. मीडियाटेकचं एमटी७९२१ कर्नल ५.१२ पासून चालतं. डेबियन या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीपासून फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच मिळतं, आधी ते वेगळं शोधावं लागायचं. रिअलटेक चिपची यूएसबी डोंगलं घेताना चिपचा क्रमांक बघूनच घ्या. कित्येकांना बाहेरून ड्रायव्हर बांधावा लागतो आणि कर्नल बदललं की पुन्हा तेच.

लॅपटॉपलाच ५ गिगाहर्ट्झचं हॉटस्पॉट करायचं असेल तर मात्र इंटेल घेऊ नका. ही कार्डं आपण कुठल्या देशात आहोत ते आसपासच्या राउटरांवरून ठरवतात आणि ५ गिगाहर्ट्झवर स्वतः प्रसारण सुरू करायला बहुधा नकार देतात.

२१. घेतलेलं कार्ड खरं आहे का, हे कसं तपासू?

उष्णता उतरवणाऱ्या जाड पत्र्याखाली जुनी चिप लपवून 'वायफाय ६' म्हणून विकण्याचे प्रकार होतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडी' निवडा. इंटेलचा कंपनी-क्रमांक ८०८६. त्यापुढे २७२३ असेल तर एएक्स२००, २७२५ असेल तर एएक्स२१०. वर चिकटवलेलं लेबल काहीही म्हणो, हा क्रमांक चिपमधून येतो. परतीची मुदत संपायच्या आत बघा.

२२. अमेरिकेतला भाऊ येतोय. त्याच्याकडून कार्ड मागवू का? तिथलं इथे चालतं ना?

चालतं. वर सांगितल्याप्रमाणे इंटेलची कार्डं देश स्वतः ओळखतात. बॅगेत एक कार्ड आणणं वेगळं आणि परदेशी संकेतस्थळावरून कुरिअरने मागवणं वेगळं. भारतात येणाऱ्या वायरलेस उपकरणांना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी लागते, आणि तिच्याविना आलेलं पार्सल कस्टमला अडकू शकतं. शिवाय बिघडलं तर वॉरंटीसाठी परत पाठवायचं कुठे? किमतीतला फरक मोठा नसेल तर इथेच घ्या.

२३. लॅपटॉप उघडला तर वॉरंटी जाते का?

कंपनीवर आणि मॉडेलवर अवलंबून आहे. काहींना कार्ड, रॅम, एसएसडी ग्राहकाने बदललेलं चालतं, काही स्क्रूवर सीलचा कागद लावतात. सेवा केंद्राला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या, फोनवरच्या 'चालेल'ला नंतर कोणी विचारत नाही. मूळ कार्ड फेकू नका. वॉरंटीत लॅपटॉप द्यायची वेळ आली तर तेच परत घालून द्या.

२४. आम्ही मालवणला राहतो. बसवलेलं कार्ड काही महिन्यांनी दिसेनासं होतं, काढून घातलं की पुन्हा चालतं.

खारी, दमट हवा. स्लॉटमधल्या आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक थर चढतो आणि संपर्क तुटतो. रॅमच्या बाबतीतही हेच होतं. कार्ड काढा, पट्ट्यांवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, भुगा झटका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. स्लॉटमध्ये खोडरबर घालू नका, तिथे फक्त ब्रश आणि अल्कोहोल. ही झटापट वारंवार करू नये, प्रश्न ११ मध्ये सांगितलेले अँटेनाचे कनेक्टर त्यात झिजतात. पावसाळ्यात डेस्कटॉप रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा, आतल्या उबेने ओल धरत नाही. पट्ट्यांवर हिरवट डाग दिसू लागले असतील तर ते कार्ड आता पुसून टिकणार नाही, बदला.